आधीची रेघ वर राहते

तुम्ही लिहिलंत ते थोडक्यात असं. ऑफिसच्या कामासाठी सिंगापूरला गेला होतात, तिथे समकालीन चिनी शाईचित्रांचं एक प्रदर्शन पाहिलंत. एका चित्रात माणसाएवढा उंच कागद काळ्या-करड्या इमारतींनी भरलेला होता, त्यात एकच खिडकी कोरी सोडलेली, आणि खाली कोपऱ्यात कौलारू छपराचा तुकडा. त्या चित्रापुढून तुमचा पाय निघेना. हॉटेलवर परतल्यावर मात्र शंका आली, की ही जुन्या तंत्रात नव्या विषयाची नुसती स्वस्त भर तर नाही? घर गेलं, माणूस एकटा पडला, हे सांगायला शाईच कशाला हवी? आणि शेवटचा प्रश्न तुमचा स्वतःचा: नाशिकचा वाडा पाडून तिथे इमारत झाली, तुम्ही बंगळुरूत चौदाव्या मजल्यावर एकटे राहता, त्या वाड्याचं, त्यातल्या चौकाचं, जिन्याखाली उभी असायची त्या आजोबांच्या सायकलीचं असं चित्र तुम्हाला काढता येईल का?

मी बावीस वर्षं शाईत काम करते आहे. त्यातली दोन वर्षं चीनमध्ये, हांगझौ शहरात शिकण्यात गेली. ‘शाईच कशाला’ याचं उत्तर मला तिथे पहिल्या महिन्यातच मिळालं, आणि ते कागदानं दिलं. म्हणून आधी कागदाबद्दल लिहिते.

या चित्रांचा कागद म्हणजे शुआन. तो आनह्वेई प्रांतात, जिंग परगण्यात बनतो. छिंगथान नावाच्या झाडाची साल आणि भाताचा पेंढा हा त्याचा कच्चा माल. तो दोन तऱ्हांनी मिळतो. एक तुरटी-सरसाचं पाणी दिलेला. त्यावर शाई जागच्या जागी थांबते, केसाएवढी बारीक रेघ ओढता येते. दुसरा कच्चा, काहीच न दिलेला. हा पाणी पितो. कुंचला टेकवून क्षणभर विचार करत थांबलात, तर त्या विचाराएवढा गोल डाग कागदावर उमटतो आणि तो कशानंही निघत नाही. खोडणं नाही, वरून पांढरा देणं नाही. शाई म्हणजे काजळी आणि सरस एकत्र मळून वाळवलेली कांडी. देवघरातल्या सहाणेवर आपण गंध उगाळतो ना, अगदी तशीच दगडावर पाणी घालून ती उगाळायची. पाणी किती, हात किती वेळ फिरला, यावर काळा किती गडद होणार ते ठरतं.

आता मुख्य गोष्ट. कच्च्या शुआनवर एक रेघ ओढा. तिची ओल पुरती जायच्या आत, तेवढ्याच ताकदीच्या शाईची दुसरी रेघ तिला छेदून जाऊ द्या. तैलरंगात दुसरी रेघ पहिलीला झाकेल. इथे पहिलीच पुढे राहते, दुसरी तिच्या मागून गेल्यासारखी दिसते. कारण साधं आहे. पहिल्या शाईतलं पाणी आणि सरस त्या जागच्या तंतूंत आधीच शिरलेलं असतं. नव्या शाईला तिथे जागा मिळत नाही, ती कडेकडेनं वाट काढते.

वसतिगृहाच्या खोलीत बसून मी एकदा कोल्हापूरच्या आजोळचं तुळशीवृंदावन काढलं होतं, फिकट शाईत, चार फटकाऱ्यांत. मनासारखं जमलं नाही म्हणून कागद फुकट जायला नको या हिशेबानं त्याच्यावरूनच समोरच्या खिडकीचे गज ओढले. दहा मिनिटांनी पाहिलं तर गज मागे गेले होते आणि वृंदावन गजांच्या अलीकडे, खोलीच्या आत येऊन उभं होतं. मी काही साधायला गेले नव्हते. पण त्या दिवसापासून मला वाटत आलं आहे, की आठवणीचं चित्र काढायला याहून योग्य कागद नाही. जे आधी घडलं ते पुढे, जे नंतर आलं ते मागे. तुम्ही पाहिलेल्या चित्रात ते कौलारू छप्पर इमारतींच्या बुडाशी दबल्यासारखं दिसत होतं की इमारतींच्या पुढे आल्यासारखं, हे आठवून पाहा. पुढे आल्यासारखं दिसत असेल, तर चित्रकारानं ते आधी काढलं असण्याची शक्यता बरीच आहे.

विषय नवा आहे का, या शंकेवर येते. घर, आठवण आणि एकटं असणं हे चिनी निसर्गचित्राच्या मुळाशीच आहे. झोंग बिंग नावाचा चित्रकार होऊन गेला, इ.स. ३७५ ते ४४३. आयुष्यभर डोंगर हिंडला. म्हातारपणी पाय थकले तेव्हा पाहिलेले डोंगर त्यानं स्वतःच्या खोलीच्या भिंतींवर काढले आणि अंथरुणात पडल्या पडल्या त्यांतून भटकू लागला. ‘पडल्या जागी भटकंती’ असा शब्दच त्यावरून चिनी भाषेत रूढ झाला. म्हणजे या परंपरेतलं डोंगराचं चित्र पहिल्यापासून चार भिंतींच्या आत बसलेल्या माणसाचं आहे. समोर डोंगर ठेवून ते काढत नसत. हिंडून यायचं, डोळ्यांत साठवायचं आणि घरी येऊन काढायचं.

मग नी झान. जन्म १३०१, मृत्यू १३७४. घरचा गडगंज श्रीमंत. युआन राजवटीच्या अखेरच्या धामधुमीत घरदार सोडलं आणि थाय सरोवराच्या परिसरात बराच काळ होडीतून फिरत राहिला. त्याच्या चित्रांत अलीकडच्या काठावर चारसहा किरकोळ झाडं, एक रिकामा मांडव, मध्ये कोरं पाणी आणि पलीकडे ठेंगणे डोंगर. मांडवात कोणी नाही. १३७२ सालचं त्याचं एक चित्र तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात आहे. त्याचं नाव ‘रोंगशी’ या अभ्यासिकेवरून आलं आहे. रोंगशी म्हणजे गुडघे मावतील एवढी जागा. मी हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोल्या आठवल्या, ज्यांत चार पिढ्यांचे गुडघे मावले. आणि नी झाननं खोली दाखवलीच नाही. गुडघे मावतील एवढ्या घराचं नाव घेऊन त्यानं कागदाचा मधला भाग पाण्याला म्हणून कोरा सोडला.

शिथाव या चित्रकारानं तर म्हातारपणी यांगझौत बसून नानजिंगच्या आपल्या जुन्या दिवसांच्या, छिनह्वाय नदीच्या आठवणींची चित्रमालिका काढली. एका शहरात बसून दुसऱ्या, मागे राहिलेल्या शहराचं चित्र काढणं हे तीनशे वर्षांपूर्वीही होतं.

तेव्हा तुम्ही पाहिलेल्या चित्रातली कोरी खिडकी ही नी झानच्या मांडवाची नात आहे, असं मी म्हणेन. फरक एका जागी पडला आहे आणि तो मोठा आहे. आपल्या भाषेत त्यासाठी दोन शब्द आहेतच: एकांत आणि एकटेपणा. जुना चित्रकार शहर, दरबार, नोकरी सोडून डोंगरात गेला, निदान आपण गेलो असं चित्रात तरी म्हणाला. तो एकांत त्यानं मागून घेतलेला होता. आजच्या चिनी चित्रकाराच्या वाट्याला जे येतं ते बऱ्याचदा न मागता येतं. १९७८ साली चीनमधली अठरा टक्क्यांहून कमी माणसं शहरांत राहत होती. २०११ मध्ये निम्म्याहून अधिक झाली. २०२०च्या जनगणनेत साडेबारा कोटींहून जास्त घरं एकट्या माणसाची निघाली, म्हणजे दर चार घरांतलं एक. एका माणसाच्या हयातीत हे सगळं झालं. बीजिंगच्या जुन्या गल्ल्यांत भिंतीवर गोलात एकच अक्षर रंगवलेलं असे, ‘छाय’, म्हणजे पाडा. ते उमटलं की घर जाणार. चुन्याच्या भिंतीवर हातानं ओढलेलं, ओघळ आलेलं ते अक्षर मी छायाचित्रांत पुष्कळ वेळा पाहिलं आहे, आणि दर वेळी मला ते मोठ्या कुंचल्याचं काम वाटतं.

या बदलाला शाईत पकडण्याची सुरुवात वू ग्वानझोंगपासून धरायला हरकत नाही. (तुम्ही पुन्हा सिंगापूरला गेलात तर तिथल्या नॅशनल गॅलरीत त्याच्या चित्रांचं स्वतंत्र दालन आहे, ते चुकवू नका.) १९१९चा जन्म, ज्यांगसू प्रांतातल्या ईशिंगचा. १९४७ ते ५० पॅरिसमध्ये शिकला आणि परत आला. सांस्कृतिक क्रांतीत त्यानं धास्तीनं स्वतःचीच चित्रं नष्ट केली. पुढे खेड्यात कामाला पाठवलं तेव्हा शेणाच्या टोपलीचाच चित्र टेकवायचा घोडा करून त्यावर चित्रं काढली. सत्तरच्या दशकात तो शाईकडे वळला, आणि वळल्यावर पुन्हा पुन्हा काढत राहिला ती आपल्या मुलखातली पांढऱ्या भिंतींची, काळ्या कौलांची घरं. १९८१चं ‘दोन पाकोळ्या’ हे चित्र हाँगकाँगच्या कलासंग्रहालयात आहे. आडवा कागद. भिंती जवळपास कोऱ्या कागदाच्याच. वर छपराचे गडद पट्टे, भिंतीत दारांचे काळे चौकोन, एक झाड. दोन पाकोळ्या इतक्या लहान की आधी दिसतच नाहीत. त्या दिसल्या की कळतं, घरात माणूस नाही, घरटं करणारे पक्षी तेवढे आहेत आणि तेही उडालेले. सगळं मिळून बाराएक आडव्या-उभ्या पट्ट्यांचा खेळ आहे, आणि तरी ते घर आहे. विद्यार्थ्यांना मी या चित्रापुढे सर्वांत जास्त वेळ बसवते.

त्याच वूनं नव्वदच्या दशकात म्हटलं होतं, की चित्रापासून सुटा काढलेला कुंचला-शाईचा डौल म्हणजे शून्य. चीनमध्ये त्यावर मोठा वाद झाला. मी या बाबतीत त्याच्याच बाजूची आहे. तुम्हाला आलेली स्वस्तपणाची शंका इथेच लावून पाहायची असते.

पुढच्या पिढीत वाटा फुटल्या. १९९८ पासून शेनझेनमध्ये शाईचित्रांचं आंतरराष्ट्रीय द्वैवार्षिक प्रदर्शन भरू लागलं. १९८०च्या आधी आजचं हे महानगर तिथे नव्हतंच, आणि त्याच शहरात शाईचं प्रदर्शन भरावं यात मला अर्थ दिसतो. ‘शहरी शाई’ हे नाव याच सुमारास तोंडी बसलं. त्या नावाखाली ल्यू छिंगहची माणसं येतात: मोठाल्या कागदांवरची, ओल्या शाईत कडा विरघळलेली, एकमेकांजवळ असूनही एकमेकांकडे न बघणारी. छन शावश्योंगनं ‘शाईशहर’ नावाची तीन मिनिटांची चलचित्रफीत केली, २००५ साली. रोज दिसणाऱ्या गोष्टींचे फोटो घ्यायचे, त्यांवरून भराभर शाईची छोटी चित्रं काढायची, आणि ती एकामागून एक पळवायची. रस्ता, जेवणाचं ताट, बस, पलंग, पुन्हा रस्ता. शहरात आठवण कशी साठते, याचं इतकं खरं चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही: कशावरच नजर ठरत नाही, आणि संपल्यावर एक ताट तेवढं डोळ्यांपुढे राहतं.

जी युनफेय वेगळ्या बाजूनं येतो. यांगत्सीवरच्या तीन घळींच्या धरणानं बारा लाखांहून जास्त माणसं उठवली. त्यांच्यावर त्यानं चित्रांच्या लांबच्या लांब गुंडाळ्या केल्या; त्यांतली एक २००९ मध्ये बीजिंगच्या रोंगबावझाय या छापखान्यात जुन्या पद्धतीच्या लाकडी ठशांनी छापली गेली. गुंडाळी उजवीकडून डावीकडे, हातभर उलगडत बघायची असते. पुढचं उलगडताना मागचं गुंडाळलं जातं. माणसं गाठोडी, खाटा, भांडी घेऊन बसली आहेत, आणि पाहणाऱ्याच्या हाताखाली त्यांचं गाव गुंडाळलं जातं आहे. कोयनेच्या किंवा उजनीच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली, त्यांच्यातल्या कुणाला ही गुंडाळी हातात देऊन बघावी, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

यांग योंगल्यांगचं नाव तुम्हाला कुठेही शोधलंत तरी आधी सापडेल. लांबून पाहिलं तर जुन्या सोंग राजवटीच्या काळातला धुक्यातला डोंगर, जवळ गेलं की तो डोंगर उंच इमारती, क्रेन आणि विजेच्या मनोऱ्यांचा. ते फोटो संगणकावर जोडून केलेलं आहे, त्यात शाईचा थेंब नाही. पहिल्या भेटीत ती चित्रं मला थक्क करतात. दुसऱ्या भेटीत ती पकड उरत नाही, कारण जवळ गेल्यावर काय दिसणार ते आता ठाऊक असतं.

ली ह्वाशंगचं बरोबर उलटं. सिचुआनचा चित्रकार, २०१८ मध्ये गेला. ऐंशीच्या दशकात त्याची मोकळी, वाहती निसर्गचित्रं नावाजलेली होती. ती त्यानं सोडली आणि पुढची वर्षं फक्त रेघा ओढल्या: पट्टी न लावता, हातानं, आडव्या आणि उभ्या, कागद भरेपर्यंत चौकडी. पहिल्या भेटीत तिथे काहीच नाही. मग दिसायला लागतं, की रेघ कुठे जाड झाली, कुठे कुंचल्यातली शाई संपत आली, कुठे श्वास घेतला. मला त्या चौकटींत रात्रीच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात. त्याला तसं म्हणायचं होतं असा माझा दावा नाही. पण रोज एकट्यानं बसून ओढलेली रेघ शेजारच्या रेघेला चिकटत नाही आणि सोडूनही जात नाही, हे मी त्या कागदांवर तासन्‌तास पाहिलं आहे. आणि सोंग दोंग नावाचा कलावंत १९९५ पासून एका दगडावर कुंचल्यानं रोजनिशी लिहीत आला आहे. शाईऐवजी पाण्यानं. लिहून होईपर्यंत पहिली ओळ वाळलेली असते.

स्वस्त काय, हे आता सांगता येईल. धुकं, उंच इमारत, एक पक्षी, एक दिवा असा ठरलेला ऐवज पुष्कळ चित्रकार विकतात. ओळखायची माझी खूण एकच आहे: कोऱ्या जागेच्या कडेला जाऊन पाहा. रात्रीच्या इमारतीतली उजळ खिडकी कच्च्या कागदावर रंगवता येत नाही, राखावी लागते. कुंचला तिला वळसा घालून जातो आणि ओली शाई आत सरकत येते, दोन मिलिमीटर, तीन मिलिमीटर. म्हणून हवी त्याहून मोठी खिडकी सोडायची आणि शाईनं आपल्या मनानं ती लहान करू द्यायची. चित्रकार मनापासून तिथे होता, तर त्या कडेला हे सरकणं दिसतं. चारही बाजू सारख्या नसतात, एखादा कोपरा बुजलेला असतो. कड सुरीनं कापल्यासारखी आणि खिडकी मागाहून पांढरा रंग देऊन उघडलेली असेल, तर मी पुढच्या चित्राकडे जाते. तुमचा पाय दहा मिनिटं निघाला नाही यावर मी तुमच्या शंकेपेक्षा जास्त विश्वास ठेवीन.

आपल्याकडे असं कोणी, असंही तुम्ही ओघात विचारलंत. चिनी परंपरेशी जोडायचा आग्रह नाही, पण वासुदेव गायतोंडे आठवतात. गिरगावच्या चाळीत वाढले, पुढे दिल्लीत एकट्यानं राहिले, झेन विचारांचा ओढा होता. १९८४च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास होईनात, तेव्हा त्यांनी कागदावर शाईची लहान रेखाटनं केली. ती पाहायला मिळाली तर सोडू नका.

आता तुमचा वाडा. काढता येईल. चांगला शुआन महाग पडतो, सुरुवातीला नको. पातळ नेपाळी लोकता कागद चालेल. त्यावर पाण्याचा थेंब टाका: लगेच आत गेला तर कागद कच्चा, वर मोत्यासारखा बसून राहिला तर खळ दिलेला, तो परत करा. आपला चिंध्यांचा हातकागद सुंदर असतो पण जाड आणि बहुतेक वेळा खळीचा. त्यावर हे होणार नाही. शाई शक्यतो कांडीची घ्या. बाटलीतली घेतलीत तर लाखेची, वाळल्यावर पाण्याला दाद न देणारी घेऊ नका, कुंचला कायमचा जातो. ओली शाई पाहून गडदपणा ठरवू नका; वाळली की ती बरीच फिकी पडते, आणि पुढे मागून खळीनं दुसरा कागद चिकटवला की पुन्हा उठून येते.

वाड्याचा फोटो समोर ठेवू नका. मी शिकवताना हे एवढं कडकपणे पाळते. फोटो तुम्हाला कमानी, खांब, कौलांची संख्या सांगत बसेल आणि तुम्ही इमारतीचा नकाशा काढाल. डोळे मिटून बसा, वाड्यातलं काय कोणत्या क्रमानं आठवतं ते कागदाच्या चिठ्ठीवर लिहा, आणि त्याच क्रमानं चित्रात उतरवा. तुमच्या पत्रात चौकाबद्दल, माडीबद्दल, तुळयांवरच्या नक्षीबद्दल दोन परिच्छेद आहेत, आणि सायकलीबद्दल अर्धं वाक्य. त्या अर्ध्या वाक्यात मात्र तिच्या मागच्या चाकात हवा नसायची हेही तुम्ही लिहून गेलात.

सायकल आधी काढा. कागदाच्या मध्यावर नको, खाली, जिना जिथे असायचा तिथे. मध्यम शाईत, एका दमात, मागचं चाक बसकं. तिची ओल जायच्या आत त्याच शाईनं चौदा मजली इमारत तिच्यावरून सरळ खालपर्यंत ओढत आणा, सायकलीला वळसा घालू नका. मग कागद रात्रभर तसाच राहू द्या आणि सकाळी खिडकीच्या काचेवर धरून बघा.